आईच्या मांडीवरची बॅटरी

आमच्या जिल्ह्यात बाई घराबाहेर पडते ती चार कामांना: देव, दवाखाना, लग्न आणि मयत. हे वाक्य माझंच आहे, पत्रकातलं. कळमनुरीच्या बाजारात आणि एस.टी. स्टँडवर मी ते दोन हिवाळे वाटलं. खाली ठळक अक्षरांत मागणी होती, बाईला बिनकामाचं फिरण्याचा हक्क. पुरुष मंडळी वाचायची आणि विचारायची, "बिनकामाचं काहून फिरायचं?" मी म्हणायची, "तुमी पानटपरीवर काहून बसता?" मग पत्रक चुरगाळून खाली पडायचं. मी ते उचलायची, मांडीवर घासून सरळ करायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची.

नुसत्या कागदानं भागेना, तेव्हा पत्रकं वाटणाऱ्या गटातल्या आम्ही मैत्रिणींनी भंगारात निघालेली एक शाळेची व्हॅन मिळवली आणि तिचं फिरतं घर केलं. आत झोपायला दोन बाक, एक लहानसा फ्रिज, छतावर सोलरचं पॅनेल आणि या सगळ्याला वीज पुरवणारी एक लिथियम बॅटरी. पहिली सहल कुणाची, यावर वाद झालाच नाही. मी आईचं नाव पुढं केलं.

आई अंगणवाडीत. दुसऱ्यांची लेकरं तोलण्यात, मापण्यात तिची उमर गेली. तिनं दोन अटी घातल्या. "एक, चहा मी करणार न्हाई. दुसरं, काही एक बिघडलं की तुझ्या पप्पाला फोन लावायचा. मी त्याच पावली घरी." ती हे रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती शांत होती. मला कळत होतं, ही एकदा अर्ध्यातून परतली की "आपल्याला न्हाई जमत बाई ते" असं म्हणून आयुष्यभराची मोकळी होणार. आणि मी सख्ख्या आईला चार दिवस बाहेर ठेवू शकले नाही, तर स्टँडवर कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? सोबतीला शेजारची मावशी आली, कारण एकटीनं मौज करायची आईला लाज वाटत होती.

बॅटरी बसवताना दुकानदारदादा म्हणाले होते, "ताई, ही आत बाकाखाली ठिवू." माझं डोकं तडकलं. आमच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी ओसरीवर असते, तिच्यात पाणी ओततात, तिचा वास येतो, हे मला लहानपणापासून माहीत. मी म्हणाले, "दोन बायांच्या उशाखाली गॅस सोडायचा का तुम्हाला?" ते म्हणाले, "ही तसली न्हाई. हिला पाणी न्हाई, वास न्हाई." मी त्यांना ग्राहकाच्या हक्कांवर चांगली दहा मिनिटं ऐकवली आणि व्हॅनच्या मागं, बाहेरून, लोखंडी पेटी वेल्डिंग करून घेतली. "बराबर, तुमची मर्जी," ते म्हणाले. "फकस्त थंडीत जरा..." ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

शिरड शहापूरच्या अलीकडं, ओळखीच्यांच्या हळदीच्या बांधाला आम्ही व्हॅन लावली. पहिली संध्याकाळ काय सांगू. आई खुर्चीत बसून पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून होती, आणि दर पाच मिनिटांनी पाय खाली घ्यायची, कुणी बघतंय का म्हणून. मावशीला विजेवर गरम होणारी चादर सापडली. ती तिनं अंगाला गुंडाळली ती सकाळपर्यंत सोडली नाही.

सकाळी विजेची किटली मेलेली. दिवा नाही, फ्रिज गप्प. बॅटरी मावशीनं रात्रभर पिऊन टाकली होती, ते ठीक. पण ऊन लख्ख पडलं होतं, पॅनेल चमकत होतं आणि मोबाईलवर दिसत होतं की बॅटरीत काडीचीही वीज जात नाही. मी दुकानदारदादांना फोन लावला. ते स्कूटरवर होते, वारा घोंघावत होता. "गार पडली असंल ती, ताई. दुकानात पोचलो की बोलतो." फोन बंद.

गार पडली. आमच्याकडं पैलवान गार पडतो, उमेदवार गार पडतो, उन्हात कोंबडी गार पडते. एकदा गार पडलेलं पुन्हा उठत नाही. म्हणजे दुसऱ्याच दिवशी हा माणूस स्कूटरवरून मला सांगतो की वस्तू मेली, आणि तेही असं, जणू दूध नासलं. माझी बोटं आपोआप चालली. स्टेटस टाकलं: "गार पडलेली बॅटरी, थंड पडलेली मणुसकी. स्त्रियांच्या मोकळ्या श्वासावर दुकानदारीचा घाला. जाब द्या." टाकून मागं वळले तर आई साडीची घडी घालून पिशवीत ठेवत होती.

"आई, थांब की."

"थांबून काय करू? काड्या येचू?"

"मी मांडते की तीन दगडं," मावशी म्हणाली.

"मंग घरीच बऱ्या व्हतो," आई म्हणाली. "घरी गॅस तरी हाय. लाव बाई तुझ्या पप्पाला."

तिनं पिशवीची चेन ओढली. मी पप्पांचा नंबर काढला, तेवढ्यात दुकानदारदादांचाच फोन आला.

"ताई, मोबाईलवर बॅटरीचं टेंपरेचर दिसतंय का? किती हाय?"

"चार."

"मंग? गारच हाय की ती. पाचाच्या खाली गेली की ती चार्जिंग घेत न्हाई. जबरदस्ती केली तर आतून खराब व्हईल, म्हणून स्वतःच दार लावून घेती. शहाणी हाय."

"म्हणजे मेली न्हाई?"

"मरंल कशाला? थंडी वाजली तिला. रातभर लोखंडात, उघड्यावर." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, हे मला स्पष्ट ऐकू आलं. "आता आत घ्या. शेकोटीजवळ न्हाई न्यायची, गरम पाणी न्हाई ओतायचं. वायरी सोडवा, टोकांना टेप लावा, गोधडीत ठिवा. दहाच्या वर गेली की जोडा. आन ताई, तुमचं स्टेटस वाचलं. भाषा चांगली हाय. 'माणुसकी'चा काना राहिला."

मी उघडून पाहिलं. राहिला होता. मी ते पुसलं आणि मला हसू फुटलं, असं की वायरी सोडवताना पाना दोनदा हातातून पडला. टोकांना टेप लावून बॅटरी आत आणली, तर आईनं पिशवी बाजूला सारली.

"थंडी वाजली म्हणला ना तो? आण इकडं. कमी वजनाचं लेकरू असं अंगालाच लावावं लागतं."

"बारा किलोचं हाय ते."

"मंग बाळसं धरलेलं हाय. आण."

तिनं बॅटरी मांडीवर घेतली, वरून गोधडी ओढली आणि व्हॅनच्या उन्हाच्या बाजूला फतकल मारून बसली. मावशी दुसऱ्या अंगानं चिकटली. वीज तिनंच संपवली होती, त्यामुळं ती फार मनापासून चिकटली. मी समोर उभी राहून मोबाईलवरचे आकडे पुकारत होते. पाच. साडेपाच. सहा. हळदीच्या कामाला निघालेल्या चार बाया बांधावर थबकल्या.

"काय झालं?" एकीनं गोधडीकडं बघत विचारलं. "मुलगा का मुलगी?"

"लिथियम," मावशी म्हणाली.

"नाव ठिवलं बी का?"

मग कुणाला आवरेना. त्या बसल्याच. एकीनं गोधडीत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "लईच गारठलंय वं. काजळ लावा." दुसरीनं आईला आपल्याकडचा नेमका प्रश्न विचारला.

"नागनाथाला आल्या का?"

"न्हाई."

"कोणाचं लगन?"

"न्हाई."

"मंग काहून आल्या?"

मी तोंड उघडणार होते. पत्रकाचा अख्खा दुसरा परिच्छेद जिभेवर होता. पण आईनं गोधडी नीट खोचली आणि सांगितलं, "फिराया."

मग पहिली म्हणाली, "बरं हाय की." आणि आणखी थोडा वेळ तिथंच बसून राहिली, मुकादमानं लांबून हाक मारेपर्यंत.

ऊन चढलं तसा आकडा दहाच्या पुढं गेला. वायरी जोडल्या, आणि मोबाईलवर वीज आत जाण्याचा हिरवा बाण दिसला. तो पाहून मी बांधावर नाचले. पडले नाही, एवढंच. तेवढ्यात पप्पांचा फोन आला. आईनं स्पीकरवर घेतला.

"समदं ठीक?"

"ठीक. जरा गार पडली व्हती सकाळी."

"कोण?" पप्पांचा आवाज फाटला. "कोण गार पडली? मी निघू का?"

मावशी गोधडीत तोंड घालून हसत होती. आई हसू दाबत म्हणाली, "नका निघू. बॅटरी व्हती. उठली आता."

"मंग येता का आज?"

आईनं पिशवीकडं पाहिलं, हळदीच्या वाफ्यांकडं पाहिलं.

"आज न्हाई. कधी ते सांगता येत न्हाई. भाजीचं तुमी बघा."

बॅटरी मी मुकाट्यानं आत, आईच्या बाकाखाली ठेवली, दुकानदारदादांनी सांगितलं होतं अगदी तिथं. दुपारच्या तोंडाला किटली उकळली. चहा मी केला, भिकार झाला. आईनं दोन कप घेतले आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

"औंढ्याकडं वळवू का, घरच्या रस्त्याला? का वसमतकडं?" मी विचारलं.

"वसमतला काय काम हाय?"

"काहीच न्हाई."

"मंग तिकडंच घे," आई म्हणाली आणि पाय डॅशबोर्डवर टाकले.