वरच्या मजल्याचं पाणी

शेळगावात कुणाच्या नळाची धार बारीक झाली की पहिला फोन सर्जेरावाला जातो. दुसरा मला येतो, कारण सर्जेराव फोन उचलत नाही. मी त्याचा शेजारी. ओट्यावरनं हाक मारायची, "सर्जेराव, खालच्या आळीला पंप बोंबलतोय रं," की तो पिशवी उचलून निघालाच. पिशवीत दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, टेपचं रीळ आणि तंबाखूची पुडी.

वालचंदनगरला त्यानं तीस वर्षं फिटरकी केली. यंत्रांच्या आवाजात राहून माणूस बोलायचं विसरतो म्हणतात. ह्याला ते मुळातच येत नव्हतं. घरात बोलायचं खातं कौसल्यावहिनींकडं होतं. पाहुणा आला की वहिनी बोलायच्या, हा पाहुण्याच्या मोटरसायकलचा प्लग साफ करून द्यायचा. पाहुणा दोन्हीकडनं खूश.

आता बावड्याची गंमत सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही. तिथं एका गुरुजींनी बंगला बांधला. खाली पाणी धो धो, वर न्हाणीत मात्र नुसती पिचकारी. दुकानदार म्हणाला, मोठा पंप लावा. गुरुजींनी लावला, तरी तेच. त्याहून मोठा आणला, तरी तेच. सर्जेराव गेला आणि त्यानं पंपाकडं ढुंकूनही बघितलं नाही. गच्चीवर चढला, एक डोळा मिटला आणि पाइपाकडं बघत बसला. गवंड्यानं पाइप मधेच उंटाच्या पाठीसारखा वर उचलला होता. त्या उंचवट्यात हवा अडकून बसलेली. ह्यानं तिथं बोटाएवढी नळी उभी बसवली. सूंऽऽ करून हवा गेली, आणि खाली शॉवरखाली वर तोंड करून उभे असलेले गुरुजी धोतरासकट न्हाऊन निघाले.

गुरुजी ओरडले, "सर्जेराव, अहो मग या दोन पंपांचं करू काय?"

"उसाला लावा," एवढंच बोलून हा पिशवी घेऊन निघाला.

तर असा माणूस. गावाचं पाणी वर चढवणारा. त्याच्याच घरात दोष निघाला, आणि तो त्याला सापडेना.

वहिनी गेल्या त्याला या श्रावणात दोन वर्षं झाली. मुलगा रविराज पुण्यात नोकरीला. "पोरं आली तर त्यांना स्वतंत्र खोली पायजे," म्हणून सर्जेरावानं वर एक मजला चढवला. टाकी बसली शॉवरच्या जेमतेम चार फूट वर, मग पाण्याला जोर येणार कुठनं? मागच्या दिवाळीत नात श्रेया डोक्याला शॅम्पू लावून बसली आणि धार आटली. सून उत्कर्षानं खालनं दोन बादल्या वर नेल्या. सर्जेरावाला ते फार लागलं. महिन्याभरात त्यानं दाबाचा पंप बसवला, नळ उघडला की आपोआप चालू होणारा. पाणी असं आलं की बादलीतनं उड्या मारायला लागलं.

एकटा असताना सर्जेराव पंपाचं बटण बंदच ठेवायचा. पण मे महिन्यात मंडळी आली म्हणून बटण दाबलं, तर पंप कुणी नळ न उघडताच चालू व्हायचा. घर्रर्र करायचा आणि बंद पडायचा. चार मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. दोन दिवसांसाठी आलेली माणसं त्याच संध्याकाळी परत गेली. रविराज एवढंच म्हणाला, "श्रेयाला झोप लागायची नाही, आबा."

"पंपानं पोरं घालवली माझी," सर्जेराव मला म्हणाला. इतकं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडनं वर्षात ऐकलं नव्हतं.

श्रावणात वहिनींच्या श्राद्धाला मंडळी शनिवारी येणार असं कळलं. पंप गप्प झाला तर रात्री मुक्काम करतील, नाहीतर जेवून जातील. सर्जेरावानं डोक्यात एवढंच धरलं होतं.

हाताशी आठ दिवस होते. त्यानं पंपाचा स्विच बदलला. पाणी मागं येऊ न देणारा वॉल्व्ह खोलून पुसला, पुन्हा बसवला. पंपाच्या तोंडाशीच पाणी बंद केलं, तर पंप गप्प. म्हणजे पंप चांगला, पुढं कुठंतरी पाणी गळतंय आणि दाब उतरतोय. संडासाच्या टाकीत त्यानं नीळ टाकली, भांड्यात निळं उतरतंय का बघायला. उतरलं नाही. वरचा कॉक बंद केला, पंप चालू झाला. स्वैपाकघराचा बंद केला, तरी चालू झाला. सगळं घर बंद, आणि पंप घर्रर्र.

"भिंतीत फुटलाय पाइप," म्हणाला, आणि गुरुवारी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन नव्या फरशीसमोर बसला.

मी चहा घेऊन गेलो होतो. त्याला म्हटलं, "जरा थांब. श्राद्धाला येणारी माणसं फुटक्या भिंतीसमोर बसवतोस व्हय? चल, चहा घे आधी." बाहेर पायरीवर बसलो. समोर वहिनींचा मोगऱ्याचा ताटवा. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "माझी झाडं पार माना टाकून हायेत बघ पाऊस न्हाय तर. तुझा मोगरा बरा टवटवीत. बादलीनं घालतोस व्हय पाणी?"

"न्हाय. ठिबक हाय."

"कशावर?"

"घरच्याच लाइनी—" आणि त्याची कपबशी तिथंच थांबली.

वहिनींच्या तेराव्यानंतर त्यानं मोगऱ्याला सहा ठिबक लावले होते. घराच्या पाइपाला भोक पाडून, मातीखालून काळी नळी नेऊन. तेव्हा पंप नव्हता, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. पंप आला आणि हे सहा थेंब रात्रंदिवस त्याचा दाब उतरवत बसले. अख्ख्या घरात गळती शोधली, पण आमच्याकडं ठिबकाला गळती कोण म्हणतो? उसाला ठिबक, पेरूला ठिबक. ते गळत नाही, ते पाजतं!

मी हसून हसून पायरीवर आडवा व्हायचा राहिलो. सर्जेराव हसला नाही. त्यानं नळी घरच्या पाइपातनं काढली, भोक बुजवलं आणि पंपाच्या अलीकडं थेट टाकीला जोडली. मोगराही राहिला. पंप बंद पडला तो बंदच. आम्ही दोघं तासभर त्याच्यासमोर, तो काही करत नाही हे बघत बसलो.

शुक्रवारी म्हणाला, "तात्या, उद्या तू ये. बोलायला कुणीतरी पायजे."

शनिवारी मी गेलो. श्राद्ध झालं, जेवणं झाली. सर्जेराव उठला आणि गच्चीकडं निघाला. "जरा टाकीचं बघून येतो."

उत्कर्षा पानं उचलत होती, ती तशीच थांबली. "आबा, टाकीला काय झालंय?"

"काय न्हाय. उगं बघतो."

"मे महिन्यातपण तुम्ही वरच होता. आम्ही आल्यापासनं जाईपर्यंत. श्रेया दोनदा वर आली तुम्हाला बोलवायला, तुम्ही पाना मागितलात तिला."

"पंप बिघडला हुता, पोरी. म्हणून तर तुमी गेलात."

"पंपानं नाही गेलो आबा," रविराज खाली बघत म्हणाला. "घरात आई नाही, तुम्ही गच्चीवर. आम्ही तिघंच एकमेकांची तोंडं बघत बसलेलो. मग काय करायचं इथं?"

माझ्या ओठांवर चार गोष्टी आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गिळल्या.

सर्जेराव परत येऊन सतरंजीवर बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मग त्यानं नातीला विचारलं, "तुमच्यात पाणी किती वेळ येतं गं?"

"दोन तास, आबा. बाकी टँकर."

"कितवा मजला तुमचा?"

"अकरावा."

"मग पंप कुठं बसवलाय त्येंनी?"

श्रेयाला माहीत नव्हतं, रविराजला अर्धंमुर्धं माहीत होतं. त्यावरनं अकरा मजल्यांचं पाणी निघालं, टँकरवाल्यांची भांडणं निघाली, आणि बोलता बोलता पाच वाजले. उत्कर्षानं रविराजकडं बघितलं. तो उठला, आणि गाडीतली बॅग आत घेऊन आला.

रविवारी चहा पिऊन मंडळी गेली. सोमवारी मी विचारलं, "काय सर्जेराव, पंप वाजला का रात्री?"

"न्हाय. मी जागाच हुतो." थोड्या वेळानं म्हणाला, "पाणी झकास चढतंय तात्या वर. नळ उघडायला कोण न्हाय."

दिवाळीला येऊ म्हणालेत. तोवर दर रविवारी तो वर जातो, न्हाणीतले सगळे नळ एकेक करून दोन-दोन मिनिटं सोडतो आणि धारेसमोर उभा राहतो. बंद राहिले की क्षार धरतात, असं सांगतो.