सेतुराव सरांचं कपाट

कुठल्याही दवाखान्यात सहा वर्षं काढा, किस्से आपोआप साठतात. जनावरांच्या दवाखान्यात तर जास्तच. लोकांना वाटतं, मी चावऱ्या कुत्र्यांचे आणि रुसलेल्या मांजरींचे सांगेन. पण माझे सगळे किस्से एका लोखंडी कपाटाचे आहेत.

इथे तमिळ मुलखात, अण्णा नगरमधला हा दवाखाना सेतुराव सरांचा. घराणं तंजावरचं, मराठी आमच्याहून जुनी, त्यात तमिळ मिसळलेली. भुलीची, झोपेची आणि तीव्र वेदनांची औषधं त्या कपाटात. चाव्या दोन, एक सरांकडे आणि एक माझ्याकडे. चावीला सर तमिळप्रमाणे ‘सावी’ म्हणायचे.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी कपाट उघडं ठेवून कॉफी घ्यायला गेले. मोजून पाच मिनिटं! परत येते तो सर कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेले, बाहेर चार पेशंट खोळंबलेले.

“सर, काय झालं?”

“कांहीं नाहीं. राखण करतों आहें.”

पुन्हा कधी मी ते कपाट उघडं टाकलं नाही.

*

एकदा माझ्या हातून त्या कपाटातली अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, फुटली. मी झाडू मागवला, तर सर म्हणाले, “थांब!” काचेचा तुकडा न् तुकडा पाकिटात भरला. वर तारीख आणि औषधाचं नाव. मी सही केली, साक्षीदार म्हणून आमच्या नर्सने, सेल्वीने केली.

सेल्वी तमिळमध्ये पुटपुटली, “माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या सह्या झाल्या नव्हत्या!”

*

श्रीपेरुंबुदूरच्या कार कंपनीतला एक इंजिनियर आला. साताऱ्याचा. कुत्र्याला रेल्वेने गावी न्यायचं होतं, म्हणून झोपेचं इंजेक्शन बरोबर द्या म्हणाला.

“मॅडम, आपण एका भागातली माणसं. एवढं करा की!”

मला खरंच वाटलं, द्यावं. सर आतून म्हणाले, “कुत्र्यास घेऊन या. त्यास पाहिल्यावांचून औषध नाहीं.”

दुसऱ्या दिवशी तो चिडून कुत्र्याला घेऊन आला. नंबर येईपर्यंत कुत्रा फरशीवर पसरून घोरायला लागला. टेबलावर ठेवला, तपासला, तरी त्याने एक डोळाही उघडला नाही!

सर म्हणाले, “ह्यास औषध नको. तुम्ही प्रवासांत शांत राहा, पुरे.”

*

रजेवर जाताना चावी नुसती हातात द्यायची नाही. रजिस्टरमध्ये लिहायचं: कोणी दिली, कोणाला दिली, कधी आणि कारण. भावाच्या लग्नासाठी मी घाईत निघाले आणि कारणाचा रकाना तसाच राहिला. ऐन हळदीत पुण्याला सरांचा फोन!

“अनघा, कारण कोरें आहे.”

“सर, मी लग्नात आहे!”

“कोणाच्या?”

परत आल्यावर आधी तो रकाना भरला, मग पेढे वाटले. सर म्हणाले, “रकाना कोरा दिसला कीं उद्यां तिथें कोणीही कांहींही लिहील.”

*

त्यानंतरच्या वर्षी सरांची राणी आजारी पडली. राणी म्हणजे त्यांची म्हातारी कुत्री. सरांच्या पत्नी गेल्यापासून घरात ती दोघंच होती. हाडाचा कॅन्सर निघाला, आणि वेदना इतक्या की ती पाय टेकवेना.

सर सकाळ-संध्याकाळ तिला ऑटोतून दवाखान्यात आणायचे. इंजेक्शन द्यायचं, नोंद करायची, परत न्यायचं. ऑटोच्या प्रत्येक धक्क्याला ती कण्हायची म्हणे. एक दिवस मला बघवेना.

“सर, दोन दिवसांची औषधं घरी न्या ना. तुमचंच कपाट आहे. कोण विचारणार तुम्हाला?”

“तूं विचारशील,” सर म्हणाले. “विचारायलाच हवें. कपाट माझें नव्हे, अनघा.”

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? त्या दिवसापासून मी आणि सेल्वीच त्यांच्या घरी जायला लागलो. जाताना अँप्यूलची नोंद, आल्यावर रिकाम्या काचेची नोंद. सर दारात उभे असायचे.

*

शेवटचं इंजेक्शन मी दिलं. राणीचं डोकं सरांच्या मांडीवर होतं. सिरिंजमध्ये थोडं औषध उरलं, ते नियमाप्रमाणे साक्षीदारासमोर टाकायचं असतं. साक्षीदाराच्या रकान्यात सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळेला आले. पेशंट पाहिले. दुपारी मला बोलावलं आणि खिशातली चावी टेबलावर ठेवली.

“ही सावी तुझ्याकडे ठेव. मी मागेन, तरी देऊं नको.”

मी म्हटलं, “सर, रजेवर चाललात?”

“नाहीं. रोज येईन.”

मी रजिस्टर उघडलं. कोणी दिली, कोणाला दिली, कधी, सगळं लिहिलं. कारणाच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. सर वाट पाहत होते. मग त्यांनीच पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं, ‘घरी आता कोणी नाही.’

रजिस्टर माझ्याकडे वळवून म्हणाले, “सही कर.”