बेल-भंडाऱ्याची थाळी

आमच्या घरात देव न मानणारं माणूस एकच, ते म्हणजे मी. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, बाजारात वडलांचं भुसाराचं दुकान, आणि मी कॉलेजात जाऊन शहाणी झालेली. पुजारी आणि पुढारी यांचं यमक उगीच जुळत नाही, असं मी जेवताना ऐकवायची. वडील भाकरी मोडत राहायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, आधी चटणी वाढ, मग देव बुडव.

त्या वर्षी वॉर्डाची निवडणूक लागली. आमच्या गल्लीचा पुढारी पुन्हा उभा होता. गटार बांधून देतो असं तो मागच्या खेपेलाही म्हणाला होता. गटार तसंच वाहत होतं, त्याच्या घराला मात्र मजला चढला होता. त्याच्याविरुद्ध उभ्या होत्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. माझ्या जन्माच्या वेळी अव्वा अडली होती. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा याच बाईंनी आम्हा दोघींना वाचवलं. त्यामुळे अव्वाचं मत कुणाला, हा प्रश्नच नव्हता.

पुढाऱ्याला हे ठाऊक होतं. मतदानाच्या आदल्या सोमवारी तो थाळी घेऊन गल्लीत फिरला. थाळीत बेल, भंडारा, मधोमध नारळ. प्रत्येक दारात बायकांना बोलावून त्यानं बेल-भंडारा उचलायला लावला आणि मत मलाच अशी शपथ वदवून घेतली. नवरे मागे उभे होते. अव्वानंही उचलला. मला थाळीसमोर कुणी बोलावलंच नाही, कारण तेव्हा एकविसाव्या वर्षी मत मिळायचं आणि मी एकोणीस वर्षांची होते. घरातली सगळी मतं माझ्याकडे आणि द्यायला एकही नाही.

गल्लीच्या टोकाला, गटाराला लागून, एक बाई एकटी राहायची. ती गल्ली झाडायची. दुपारी दारोदार भाकरी मागायला आली की बायका उंबऱ्यातून वरूनच तिच्या पदरात टाकायच्या. आमच्याकडची कडक भाकरी पडली की तिचे तुकडे व्हायचे. पुढाऱ्यानं तिच्या दारात थाळी मागे धरली. देवाची थाळी, विटाळ नको. मत आपल्यालाच, एवढं लांबूनच सांगून तो वळला.

त्या दिवसापासून अव्वाचं जेवण गेलं. नर्सबाईंना मत दिलं तर शपथ मोडणार आणि लेकरांवर येणार. नाही दिलं तर बाईंचे उपकार विसरल्यासारखं होणार. मी हसले. हळद बाजारातली, बेल देवळामागच्या झाडाचा, त्यात काय आहे, असं म्हणाले.

"हळद बाजारची असंल," अव्वा म्हणाली, "हात तर माजा हुता न्हवं?"

मला रागच आला.

आमच्याकडे शपथेला एक पळवाट असते. कुणी शपथ घातली तर दुसऱ्यानं 'सुटली' म्हणायचं, की सुटते. मी लगेच सुटली म्हणून मोकळी झाले. अव्वानं मान हलवली. घरचं माणूस चालत नाही, आणि मी तर मानतच नाही, मग माझ्या 'सुटली'ला काय किंमत? शेजारणीही चालत नव्हत्या, कारण त्या स्वतःच अडकलेल्या. बांधलेल्यानं बांधलेल्याला कसं सोडवायचं? शपथ गल्लीत घेतली, तर सोडवणारंही गल्लीतलंच हवं.

दळण निवडता निवडता अव्वा एकदम थांबली. सूप बाजूला ठेवलं, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी उचलली आणि भर दुपारी गल्लीच्या टोकाला निघाली. मी मागोमाग. खोटं कशाला सांगू, मला गंमत बघायची होती.

झाडणारी बाई दारात बसली होती. अव्वानं तिला सगळं सांगितलं आणि वाटी पुढं केली. बाई घाबरून मागं सरकली.

"अक्का, माजा हात? तुमच्या कपाळाला?"

"तुजाच लागतोय. तुला कुनी बांधलं न्हाई."

बाईनं हात पदराला पुसला, पुन्हा पुसला. मग चिमूटभर भंडारा घेऊन अव्वाच्या कपाळाला लावला आणि हळूच म्हणाली, सुटली. अव्वाच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याही. मी शपथ मानत नव्हते, शपथ सुटणंही मानत नव्हते, पण ते पिवळं बोट मी बघितलं होतं.

गल्लीत गुपित टिकत नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी काहीबाही निमित्त काढून टोकाकडे जायला लागल्या आणि येताना कपाळ पिवळं करून यायला लागल्या. वडील सगळं बघत होते. दुकानात जाताना एवढंच म्हणाले, की सध्या हळद बरीच खपतेय.

नर्सबाई पडल्या, पण थोडक्यात. गल्लीही काही एका रात्रीत सुधारली नाही. वरून भाकरी टाकणाऱ्या टाकतच राहिल्या. अव्वा मात्र हातात द्यायला लागली, आणि हळूहळू आणखी दोघी-तिघी.

पुढच्या निवडणुकीत मलाही मत होतं. पुढारी पुन्हा थाळी घेऊन आला, पण या वेळी हुशार झाला होता. तो आधी थेट गल्लीच्या टोकाला गेला, त्या बाईच्या दारात वाकला आणि थाळी तिच्यापुढं धरली. विटाळाचं काय झालं कुणास ठाऊक. आम्ही सगळ्या आपापल्या दारांतून बघत होतो.

बाईनं थाळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला नगो, सायेब," ती म्हणाली. "गल्लीत कुनीतरी मोकळं ऱ्हायाला पायजे की."