‘जातो’च्या पुढचा शब्द

एकाहत्तर सालच्या दिवाळीत आमचा रेडिओ एका शब्दावर मेला. तो शब्द होता ‘जातो’.

घर सोडताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं, हे आमच्याकडं पोराला चालायच्या आधी शिकवतात. आणि हा ‘जातो’ म्हणणारा होता माझा थोरला भाऊ, पलटणीतला शिपाई.

तो सुट्टीवर आला आणि मागोमाग तार आली. सुट्टी रद्द, हजर व्हा. त्या साली सातारा जिल्ह्यात गावोगाव अशा तारा येत होत्या. लांबून पोस्टमन दिसला की बायका दारं लोटून घ्यायच्या, जणू दार बंद बघून तार परत जाईल. भाऊ ट्रंक उचलून निघाला तोच फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. तो पळत सुटला. आई दह्याची वाटी घेऊन दारात आली तेव्हा रस्त्यावर नुसता धुरळा होता. हातावर दही घालायचं राहिलं आणि त्याचं ‘येतो’ म्हणायचंही राहिलं. आईनं ती वाटी दिवसभर उंबऱ्याशीच ठेवली. मांजराला हुसकायलाही कुणाला सांगितलं नाही.

मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात होतो आणि स्वतःला मोठा नट समजत होतो. आमचे एक प्राध्यापक सांगलीच्या रेडिओवर भाषणं वाचायला जात. दिवाळीच्या सकाळच्या खास कार्यक्रमात सनई, पाहुणे, गाणी, चिंतन सगळं होतं, शिवाय आपल्या भागातल्या जवानांनी घरच्यांशी दोन शब्द बोलावेत आणि ते आधीच टेप करून ठेवावेत, असं ठरलं होतं. भाऊ मला भेटूनच मिरजेची गाडी पकडणार होता, म्हणून प्राध्यापकांच्या ओळखीनं मी त्याला वाटेत तिथं नेला. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा भिजल्यागत घामाघूम.

“काय बोललास रं?”

“दिवाळीला ऐक की. लाल दिवा लागला आन् जीभच वळंना. गोळीबार परवाडला गड्या.”

मिरजेला गाडी हलताना त्याचे ओठ हलले, पण इंजिनाच्या शिट्टीत शब्द काही आला नाही.

घरी गेल्यावर आईनं एकच विचारलं, “रेडिओत येतो म्हणला आसंल न्हवं?”

“म्हणाला असणारच.”

झालं. आईची दिवाळी त्या एका शब्दावर येऊन टेकली. दारातून निसटलेला शब्द रेडिओतून येणार होता.

पण दिवाळीच्या तोंडावर गावातल्या दुकानातले रेडिओचे सेल संपले. जिथं तिथं घरचा कुणीतरी सीमेवर, आणि ज्याला त्याला बातम्या ऐकायच्या. मी जुने सेल दोन दिवस पत्र्यावर उन्हात घातले, चुलीपाशी शेकले, कागदात गुंडाळून अंथरुणात घेऊन झोपलो. वडील म्हणाले, “अंडी उबवतोयस काय?”

पहिल्या अंघोळीच्या सकाळी मी अंगावर उटण्यासकट रेडिओपुढं बसलो. दारात कारीट फोडून झालं होतं. आईच्या टाचेखाली ते फुटलं नाही, नुसतं घरंगळून अंधारात गेलं. वडील म्हणाले, कवळं आसंल. सनई सुरू झाली ती दूर विहिरीतून आल्यासारखी. गायिकेचा आवाज तर तिला कुणी पोत्यात घातल्यासारखा. मग एक कीर्तनकारबुवा दिव्यावर आणि वातीवर चिंतन करायला लागले.

“त्यास्नी बंद कर,” आई म्हणाली. “सेल खात्यात.”

त्या साली आमच्या घरी चिंतन झालंच नाही. अंदाजानं परत रेडिओ लावला तर भाऊ बोलतच होता. आवाज त्याचाच, पण फार बारीक. वडिलांना नमस्कार सांगितला, म्हशीची चौकशी केली. आई इतकी जवळ सरकली की तिचा कान डब्याला टेकला. आणि तो म्हणाला, “बरं आये, जातो...”

खर्रर्र झालं आणि डबा थंड. मी थापट्या मारल्या, सेल काढून दाताखाली चावले, उलटसुलट घातले. बाहेर पोरं फटाके वाजवत होती. आई उठली आणि तिनं दारातली पणती वाऱ्याच्या आड सरकवली.

आता यावर उपाय एकच. ज्यांचा रेडिओ चालू होता, त्यांना विचारायचं.

पहिल्यांदा मास्तर. म्हणाले, “जातो कसं म्हणेल? ‘जातो नव्हे, येतो’ असं स्पष्ट म्हणाला. माझा विद्यार्थी आहे.” मग पेन्शनीतले हवालदार. “येतोच म्हणला, वर सॅल्यूट मारला.” रेडिओवरचा सॅल्यूट यांना कसा दिसला, हे मी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं तर आईचा हात धरून सांगितलं, “धा डाव म्हणला बाई. येतो, येतो, येतो.”

घरी येऊन आई चुलीपुढं बसली. “समदी खोटं बोलत्यात.”

“का म्हणून?”

“चांगली माणसं हाईत म्हणून.”

मग मी माझी कला वापरली. दाराआडून भावाचा आवाज काढला, “बरं आये, जातो न्हाई, येतो.” गावच्या जत्रेत या नकलेवर शिट्ट्या पडल्या असत्या. आईनं मागं न बघता सांगितलं, “त्यो नाकातनं बोलत न्हाई.”

राहता राहिली भिंतीपलीकडची चुलती. आईची धाकटी जाऊ. परसातल्या लिंबाच्या झाडावरून दोघींचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. हिच्या जिभेवर साखर ठेवली तर खारट व्हावी. मी नाटकात राजा झालो तेव्हा सगळ्या गावानं कौतुक केलं, ही म्हणाली, “राजा कुठला, राजाचा घोडा दिसत हुतास.” कुणाच्या समाधानासाठी खोटं बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“तीच खरं सांगंल,” आई म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी तो उंबरा चढली. मी मागोमाग.

चुलती करंज्या तळत होती. आईनं थेट विचारलं, “सकाळी रेडिओ ऐकलास? जातो म्हणल्यावर फुडं काय म्हणला?”

चुलतीनं झारा खाली ठेवला. आईकडं बघत राहिली. मग म्हणाली, “येतो म्हणला की आक्का. बसा. करंजी खावा.”

मी आनंदानं दोन करंज्या उचलल्या. आई मात्र पांढरीफटक पडली आणि न बसता परत फिरली. घरात येऊन म्हणाली, “फळीवर तिचा रेडिओच नव्हता. नुसती धुळीत चौकोनी जागा. दुरुस्तीला गेला आसंल त्यो.”

म्हणजे तिनं ऐकलाच असेल तर भिंतीतून आमचाच रेडिओ. त्याच शब्दावर मेलेला.

“मग खोटं बोलली. त्यात काय.”

“ती ग्वाड बोलली रं,” आई म्हणाली. “आक्का म्हणली मला. आजवर वयनीच्या फुडं कवा गेली न्हाई.”

तेव्हा हातातली दुसरी करंजी मी तशीच खाली ठेवली. चुलतीलाही दया यावी, असं काय दिसलं होतं तिला?

त्यानंतर चुलती गोडच राहिली. हीच खरी भीती. सकाळी आमच्या कट्ट्यावर लिंबं ठेवलेली असायची, त्याच भांडणातल्या झाडाची, आणि ती दिसली की आई दचकायची. युद्ध पेटलं. दिवे झाकून ठेवायचे हुकूम आले. तालुक्याहून आम्ही नवे सेल आणले, आणि चुलती रोज बातम्यांना आमच्याकडं येऊन बसायची, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि एक वाकडा शब्द बोलायची नाही. मी मुद्दाम तिच्यापुढं राजाचं भाषण म्हणून दाखवलं, तर म्हणाली, “ब्येस म्हणतोस.” त्या रात्री मला झोप लागली नाही. युद्ध थांबलं, तरी भावाची खबर नाही. लिंबं येतच राहिली.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी फाट्यावर एस.टी. थांबली. ट्रंक घेऊन कुणीतरी लंगडत येत होतं. आई दारात उभी राहिली. ना ओवाळणं, ना रडणं. तो जवळ येताच तिनं विचारलं, “रेडिओत जातो म्हणल्यावर फुडं काय म्हणलास?”

भाऊ गोंधळला. “आये, काय ठावं. लाल दिवा लागल्यावर समदं इसरलो.”

आईचा चेहरा तसाच राहिला. पोरगा समोर उभा, तरी तिला खात्री पटेना. तेवढ्यात भिंतीवरून चुलतीचं डोकं वर आलं. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“आलास व्हय? सरकारनं काय खायला घातलं का न्हाई? वाळल्या भेंडीवानी दिसतोय नुसता. आन् वयनी, आमची लिंबं लय खाल्लीसा, आता बास करा.”

आईनं डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, “जा, दह्याची वाटी आण. आला ह्यो.”