मुडपलेली दोन बोटं

वडगावात गेमचं दुकान चालवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. प्लेस्टेशन घ्यावा की एक्सबॉक्स, असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो उलट विचारतो, "खेळणार कोण हाय?" उत्तर मिळेपर्यंत डबा उघडत नाही. मला हा आगाऊपणा वाटायचा.

परवा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतले एक कामगार आले. "मीच की," म्हणत त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. दोन बोटं नव्हती.

यानं दोन्ही डबे उघडले. स्वतःची तीच दोन बोटं मुडपून दोन्ही कंट्रोलरवर बराच वेळ खेळला. मग एक पुढे सरकवला. "ह्यो घ्या, अण्णा. ह्याची समदी बटणं हाताला लागत्यात."

ते गेले. डबे आवरतानाही याची ती दोन बोटं मुडपलेलीच होती.