नेरिसच्या स्वयंपाकघरातली शाळा

वेल्समधल्या त्या डोंगरावर नेरिसला बोलायला माणूस नव्हतं. नवरा होता, डेल्विन. पण तो दिवसाकाठी कुत्र्याशी जेवढं बोले तेवढंही तिच्याशी बोलत नसे. दहा वर्षांची लेक मॅरेद शाळेत गेली की नेरिसला घर खायला उठायचं.

मेंढ्या व्यायला लागल्या की त्या भागातली पोरं आठवडाभर घरीच असत. मास्तरही मेंढपाळांच्याच घरातले, ते काणाडोळा करत. यंदा मुख्याध्यापिका नव्या आल्या, शहरातल्या. त्यांनी मॅरेदची गैरहजेरी विनापरवानगी लावली आणि पुन्हा असं झालं तर दंड होईल, असं बजावलं. डेल्विन चिखलाच्या बुटांनिशी तडक शाळेत गेला आणि "ठेवा तुमची शाळा तुमच्यापाशी!" असं तोंड वाजवून आला.

"सोमवारपासून पोरगी घरीच शिकेल," तो म्हणाला. "शाळेला एक पत्र दिलं की झालं. तू शिकव."

"मी? अपूर्णांक बघितले की मला घाम फुटतो."

"मेंढ्या मोजता येतात ना? बास!"

नेरिसने तोंडदेखली कुरकुर केली. आतून मात्र ती हरखली होती. तिने स्वयंपाकघरातलं टेबल घासूनपुसून लख्ख केलं, खिडकीशी दोन खुर्च्या लावल्या. आता दुपारचा चहा एकटीने प्यायला नको. पोरीला काय हवंय, हे विचारायचं तिने टाळलं. उत्तराची भीती वाटत होती.

रविवारी मेंढवाड्यात एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं. डेल्विनने त्याचं कातडं सोलून दिलं. मॅरेदने ते एका पोरक्या कोकराच्या अंगात अंगरख्यासारखं चढवलं. त्या मेंढीने ओळखीचा वास हुंगला आणि आपलंच समजून पाजायला उभी राहिली.

"फसली बिचारी," मॅरेद म्हणाली.

"फसू दे. तिचं दुःख तर हलकं झालं." नेरिसने मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "काय गं, घरी शिकायला आवडेल ना तुला? माझ्यापाशी?"

मॅरेद कोकराच्या अंगावरचं कातडं सारखं करत राहिली. "तुला बरं वाटणार असेल तर राहीन की, आई. एलेरीला सांगते, बसमधली तुझ्याशेजारची माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणून."

नेरिसने घरात जाऊन खिडकीशी लावलेली दुसरी खुर्ची उचलून ठेवली.

"पत्र जाणार नाही," संध्याकाळी तिने डेल्विनला सांगितलं.

"म्हणजे आता त्या बाईपुढे नाक घासायचं?"

"नाक माझं आहे. मी घासते."

सोमवारी सकाळी तिने मुख्याध्यापिकांना फोन करून नवऱ्याच्या वतीने माफी मागितली आणि मॅरेदला फाट्यावर सोडायला गेली. बस आली. मॅरेद एलेरीशेजारी बसली आणि बसताक्षणी दोघींचं बोलणं सुरू झालं. बस वळणाआड जाईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"बरं झालं," नेरिस मोठ्याने म्हणाली. ऐकायला तिथे कोणी नव्हतं.