आभार बाई मानतील

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेत मी एकटी बाई, म्हणून आभारप्रदर्शन कायमचं माझ्या गळ्यात. सभा कुठलीही असो, कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी ओळ ठरलेली : आभार बाई मानतील. मला कुणी विचारलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आणि आभाराला बाई, असा त्यांचा हिशेब होता.

पन्नासच्या दशकातलं पनवेल. रेल्वे आलेली नव्हती. मुंबईला जायचं तर ठाण्यावरून वळसा घालून एस.टी.त हाडं खिळखिळी करून घ्यायची. माझा दवाखाना बाजारपेठेत होता. मिठागरावरच्या आगरी बायका, खाडीकडच्या कोळणी, बाजाराला आलेले गावकरी असे सगळे पेशंट. आम्ही डॉक्टर मंडळी महिन्यातून एकदा जमायचो, संघटनेची छोटी पत्रिकाही निघायची. ज्ञानवृद्धी आणि व्यवसायाचे हितरक्षण, असं तिच्या कपाळावरच छापलेलं. हितरक्षण जोरात होतं. एस.टी.त पुढची जागा डॉक्टरांसाठी राखून ठेवावी, असा ठराव तर दर वर्षी नव्यानं व्हायचा. ज्ञानवृद्धी मात्र कपाळावरून खाली काही उतरली नाही.

थंडीत घटसर्प यायचा. आता लस टोचतात, त्यामुळे तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो. तेव्हा तो घरात शिरायचा. मुलाच्या घशात करडा पडदा धरतो, आवाज बसतो, आणि मग श्वास घेताना घरघर सुरू होते. लवकर आणलं तर सीरम देऊन मूल वाचतं. उशीर झाला की एकच उपाय. गळ्याला समोरून छेद द्यायचा, श्वासनलिकेत नळी बसवायची आणि घशातला अडथळा ओसरेपर्यंत मुलाला त्या भोकातून श्वास घेऊ द्यायचा. शिकत असताना मी हे एकदाच पाहिलं होतं, तेही पुढे उभ्या असलेल्या मुलांच्या खांद्यांमधून. म्हणजे खांदेच पाहिले होते.

एका थंडीत मिठागरावरचा एक बाप पोरीला खांद्यावर टाकून चालत आला. पोरगी पाचेक वर्षांची असेल. ओठ काळेनिळे, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. मी सीरम टोचलं, पण ते लागू पडायला वेळ लागतो आणि वेळ तिच्याकडे नव्हता. मी त्याला खरं तेच सांगितलं, हिच्या गळ्यात नळी घालायला हवी.

"मंग घाला की, बाय."

"मला येत नाही. मुंबईला न्यायला हवं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं न समजून. "तुमाला येत नाय? मंग पनवेलात कोनाला येतंय?"

कुणालाच येत नव्हतं. पोरगी दुपारी माझ्या टेबलावर गेली. तिला उचलून तो निघाला, तेव्हा दाराशी मला म्हणाला, "तुमी काय करनार, बाय." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथून तडक आमच्या अध्यक्षांकडे गेले. गावातले सर्वांत जुने डॉक्टर, करवतकाठी धोतर, बोलणं तूप ओतल्यासारखं. मी म्हटलं, पुढच्या थंडीपूर्वी मुंबईचा कुणी सर्जन बोलवा. भाषण नको. हातात चाकू देऊन शिकवेल असा हवा. पुस्तकातल्या चित्रात रक्त नसतं, आणि मूल हलत नसतं. बोकडाच्या माना मी आणते, त्यांच्या श्वासनलिकेवर हात बसवता येतो.

"कल्पना उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळ्याच कल्पना उत्तम वाटायच्या. त्याला काही लागत नाही.

पावसाळा संपल्यावर सभा ठरली, पाहुणे मुंबईचे एक सर्जन. जागा एका देवस्थानची धर्मशाळा. सकाळीच मी खाटकाकडून बोकडाच्या चार माना घेतल्या. तो म्हणाला, "बाई, नुसत्या मानेचा काय रस्सा होनार? पाया पन घेऊन जा." मासळीवाल्यांकडून बर्फ आणला आणि बादली घेऊन धर्मशाळेच्या दारात उभी राहिले. चिटणीस धावत आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, हे आत नको. देवस्थानची जागा. शिवाय मागे पंगतीचा स्वयंपाक चाललाय."

बादली बाहेर बदामाच्या झाडाखाली गेली. वर परात पालथी घातली, परातीवर दगड ठेवला. कावळ्यांना आमच्या कार्यक्रमाची बातमी आधीच लागली होती.

मग आत सुरू झालं. ईशस्तवन. स्वागतगीत. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय, त्यात त्यांनी मिळवलेली पदकं. मग हार. पाहुण्यांना हार, अध्यक्षांना हार, धर्मशाळेच्या विश्वस्तांना हार, आणि हार आणणारा रुसू नये म्हणून त्यालाही गुच्छ. मग अध्यक्ष 'वैद्यकीय व्यवसायाची प्रतिष्ठा' या विषयावर बोलायला उठले. त्यांनी धन्वंतरीपासून सुरुवात केली तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही. धन्वंतरीवरून ते चरकावर आले, चरकावरून सुश्रुतावर. सुश्रुत निदान कापाकापी शिकवायचा, एवढीही आठवण त्यांना झाली नाही. बाहेर बर्फ वितळत होता.

पाहुण्यांचं भाषण सुरू होऊन संपलंसुद्धा. ते प्रात्यक्षिकासाठी बाह्या सारायला लागले, तेवढ्यात चिटणिसांनी अध्यक्षांच्या कानात काही सांगितलं. अध्यक्ष हसतमुखानं उभे राहिले. "वेळेअभावी प्रात्यक्षिक पुढच्या सभेत घेऊ. पंगत वाढली आहे. आता आभार बाई मानतील."

मी उठले.

"मी आभार मानणार नाही," मी म्हटलं. "कुणाचे मानू? मागच्या थंडीत एक पोरगी माझ्या टेबलावर गुदमरून गेली, कारण मला छेद देता येत नव्हता. तिच्या बापानं विचारलं, पनवेलात कुणाला येतं? तुमच्यापैकी कुणाला येतं, हात वर करा. हारांना वेळ आहे, श्रीखंडाला वेळ आहे, आणि पोराच्या गळ्याला वेळ नाही? लाज वाटते मला इथे बसायची."

आपटा गावचे डॉक्टर, तसे गमत्या स्वभावाचे, पुढच्या रांगेतून म्हणाले, "बाई, बसा आता. पोटात कावळे ओरडताहेत." सभा हसली. हसण्यानं सगळ्यांची सुटका झाली, आणि खुर्च्या सरकू लागल्या.

पाहुणे मात्र हसले नव्हते. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मला विचारलं, "माना कुठे आहेत?"

"झाडाखाली."

टेबल कुणी देईना, म्हणून आम्ही त्यांच्या मोटारीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं. त्यांनी एक मान करून दाखवली आणि चाकू माझ्या हातात दिला. "मूल असेल तर खांद्याखाली कापडाची गुंडाळी द्या, मान ताणली गेली पाहिजे. मधली रेषा सोडू नका. बाजूला गेलात की रक्त. आणि घाई वाटेल, पण करू नका." पहिल्या मानेचं मी वाटोळं केलं. दुसरी बरी झाली. तिसरीत नळी बसली. आतून पंगतीतले श्लोक ऐकू येत होते. मी दोनदा दारात जाऊन हाका मारल्या. एकही जण पानावरून उठला नाही. ते सर्जन न जेवताच गेले, जाताना त्यांच्या पेटीतली एक नळी मला देऊन गेले. मला अजून वाटतं, त्या दिवशी आमच्या गावाची इज्जत त्या उपाशी माणसानं राखली.

पुढच्या महिन्याच्या पत्रिकेत सभेचा वृत्तान्त आला. कुणी कुणाला हार घातला ते सविस्तर. प्रात्यक्षिकाचं नाव नाही. शेवटचं वाक्य असं : बाईंनी हृद्य शब्दांत आभार मानले. मी ती पत्रिका चुलीत घातली.

थंडी आली. उरणकडची एक कोळीण मुलाला घेऊन आली, तशीच घरघर, तसाच गळ्याखालचा खड्डा. मी टॉवेल गुंडाळून त्याच्या खांद्याखाली दिला आणि छेद घेतला. रक्त पाहून आईनं माझी वेणीच धरली. "मारलंस गो माज्या पोराला!" वेणी तिच्या मुठीत, चाकू माझ्या हातात, आणि मी मधली रेषा धरून खाली जात होते. नळी आत गेली आणि हवा शिट्टीसारखी वाजली. पोराच्या ओठांचा रंग पालटला. आई वेणी सोडून खाली बसली. तो मुलगा वाचला.

त्याच थंडीत आपट्याचे डॉक्टर एका बैलगाडीतून आले. मांडीवर एक मूल, पांघरूण तोंडापर्यंत ओढलेलं. माझ्याकडेच आणत होते, पण ते वाटेत गेलं होतं. मूल तसंच मांडीवर घेऊन डॉक्टर माझ्या बाकावर बसले. माझ्या जिभेवर कावळ्यांचं वाक्य आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. राग मात्र गिळला नाही. तो त्यांच्यापुरता कधी नव्हताच.

कोळणीच्या मुलाची बातमी गावभर झाली होती. वार्षिक सभेची कार्यक्रमपत्रिका आली : घटसर्पाच्या यशस्वी शस्त्रक्रियेबद्दल बाईंचा शाल व नारळ देऊन सत्कार. त्याखाली, प्रात्यक्षिक, वेळ उरल्यास. मी ती ओळ वाचली आणि खाटकाकडे गेले.

या वेळी बादली मी दारातून सरळ आत नेली. चिटणीस आडवे आले, मी बाजूला झाले नाही, तेच झाले. अध्यक्षांनी माझ्यावर बरंच बोलून झाल्यावर माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. मी शाल काढली, घट्ट गुंडाळी केली आणि पाहुण्यांच्या टेबलावर, हारांच्या तबकाशेजारी ठेवली. त्या गुंडाळीवर बोकडाची मान ताणून ठेवली. पाणी ठिबकून शाल भिजायला लागली.

"अहो बाई, हे काय! सत्काराला उत्तर द्यायचं असतं," अध्यक्ष म्हणाले.

"हेच उत्तर. पनवेलात एकीला येतं. आता आणखी कुणाला शिकायचंय?"

मागून वाढप्याचा आवाज आला, पानं मांडू का म्हणून. तेव्हा आपट्याचे डॉक्टर उठले. कोट काढून खुर्चीवर टाकला, टेबलापाशी आले आणि चाकू उचलला.

"कुठे कापू?" त्यांनी विचारलं.

त्या संघटनेत इतकी वर्षं बसले, पण सभेत कुणी शिकण्यासाठी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी त्यांचं बोट धरून मधल्या रेषेवर ठेवलं.